मोल देऊनही भाडेकरूच?

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ज्या दिवशी रंगभूमीच्या या सूर्याला वंदन करायचे, त्याच दिवशी कलाकार आणि रसिक राखेच्या ढिगाऱ्यासमोर उभे होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कलाप्रेमाची साक्ष देणाऱ्या या वास्तूची पुनर्उभारणी लगेच हाती घेण्यात आली, हे स्वागतार्हच आहे. वास्तूचे नकाशे असतात, छायाचित्रे असतात, ती पाहिलेली माणसे असतात. त्यांच्या आधारे भिंती पुन्हा उभ्या राहू शकतात. परंतु एखाद्या कलाकृतीची एकमेव प्रतच जळाली, तर कोणता गवंडी ती पुन्हा बांधून देणार?

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून याच नगरीत चित्रपट निर्माण केले. १९२० सालचा त्यांचा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. १९२५ सालचा त्यांचा ‘सावकारी पाश’ भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानला जातो. चित्रपटाचा प्रत्येक अभ्यासक त्याचा उल्लेख करतो. मात्र तो मूळ मूकपट पाहण्याचे भाग्य आजच्या अभ्यासकाला नाही, कारण त्याची संपूर्ण प्रत उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात भारतात एक हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. काही आगीत गेले, काही कुजले, तर काहींची रिळे त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. ज्यांच्याकडे हक्क होते त्यांना त्या रिळांचे मोल उरले नव्हते, आणि ज्यांना मोल होते त्यांच्याकडे प्रत नव्हती.

भालजी पेंढारकरांचा अनुभव तर अधिकच विदारक आहे. जानेवारी १९४८मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ पेटविण्यात आला. त्या आगीत ‘मीठ भाकर’ हा चित्रपटही भस्मसात झाला. भालजी खचले नाहीत. त्यांनी तो चित्रपट नव्याने उभा केला आणि तो १९४९ साली पडद्यावर आला. ही जिद्द वंदनीय खरीच. परंतु समाजाचा सांस्कृतिक ठेवा एखाद्या भालजींच्या जिद्दीवर सोपवून निश्चिंत राहता येत नाही.

याउलट प्रभातचे उदाहरण पाहावे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास गेलेली ही संस्था. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ प्रती नष्ट झाल्या. तरीही ‘संत तुकाराम’ आज पाहता येतो. याचे कारण एवढेच, की आग लागण्यापूर्वीच त्याच्या दुसऱ्या प्रती काढून झाल्या होत्या. मूळ जळाले, पण दुसऱ्या प्रतीने वाचविले.

खरेदीची पावती आणि भाड्याचा करार

ही झाली फिल्मच्या युगाची कथा. आज चित्रपट, गाणे आणि पुस्तक आकड्यांच्या रूपात साठविले जाते. एका कळीसरशी हजार प्रती निघू शकतात. अशा काळात कलाकृती नष्ट होण्याची भीती संपली असावी, असे कुणालाही वाटेल. वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. प्रती अनंत झाल्या, पण त्यांची मालकी मूठभर कंपन्यांच्या हाती गेली.

मध्यमवर्गीय मराठी घरातले पुस्तकांचे कपाट आठवावे. आजोबांनी विकत घेतलेला ‘ययाती’ मुलाने वाचला, नातीने वाचला, शेजाऱ्याने वाचायला नेला, पुढे कधीतरी तो एखाद्या वाचनालयाला भेटही दिला गेला. लेखकाचा किंवा प्रकाशकाचा त्याला कधी आक्षेप नव्हता, कायद्याचाही नव्हता. जो ग्रंथ विकला, त्या प्रतीवर विकणाऱ्याचा अधिकार संपला, हे साधे तत्त्व होते. आज तेच पुस्तक संगणकीय रूपात ‘विकत घ्या’ अशी कळ दाबून घेतले, तर प्रत्यक्षात मिळतो तो केवळ वाचण्याचा परवाना. बारीक अक्षरांतल्या कराराखाली ‘मान्य आहे’ असे म्हटले, की वाचक ग्राहकाचा भाडेकरू होतो. ते पुस्तक मित्राला देता येत नाही, ग्रंथालयाला दान करता येत नाही आणि बहुतेक करारांनुसार मुलाबाळांच्या नावे ठेवताही येत नाही. ज्याने आयुष्यभर मोल देऊन ग्रंथ घेतले, त्याच्या पश्चात खाते बंद होते आणि कपाट रिकामे होते.

ही कल्पनेतली भीती नव्हे. जुलै २००९मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने ती आवृत्ती विक्रीस ठेवली, त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कंपनीचे कारण खरे होते. पैसेही परत करण्यात आले आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तथापि, दुकानदाराने चुकून विकलेला माल परत नेण्यासाठी रात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरावे, तसाच हा प्रकार होता. सत्ताधीश जुनी कागदपत्रे नाहीशी करतात असे सांगणारीच कादंबरी अशी नाहीशी व्हावी, हा दैवदुर्विलास जगाच्या ध्यानात राहिला. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही वाचता येईनाशी झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेझॉनने किंडलची पुस्तके स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोयही काढून घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू करावा लागला, की जे परत घेता येते त्याला ‘विक्री’ म्हणायचे असेल, तर तो केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगावे.

हे केवळ पुस्तकांपुरते मर्यादित नाही. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबविल्या. मोल दिलेले होते, करार झालेला होता, तरी कंपनीला स्वतःचीच पत्रे आणि स्वतःचीच माहिती मिळेना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. परंतु किल्ली परक्याच्या हाती असली म्हणजे काय होऊ शकते, याची चुणूक देशाला मिळाली. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही अवस्था, तर सामान्य कुटुंबाच्या छायाचित्रांची काय कथा?

एका हस्तलिखिताची चार दशके

स्वतःजवळ प्रत असण्याचे मोल मराठी माणसाला परदेशातील उदाहरणांवरून शिकण्याची आवश्यकता नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या १८५७च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथाचा इतिहास पुरेसा आहे. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. १९०९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर हॉलंडमध्ये छापले गेले आणि त्याच्या प्रती लपूनछपून हिंदुस्थानात आल्या. मूळ मराठी हस्तलिखित मात्र हरवले असाच समज होता. ते अभिनव भारतचे सदस्य डॉ. कुटिन्हो यांनी अमेरिकेत सुमारे चार दशके जिवापाड जपले आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतर, १९४९ साली, ते सावरकरांच्या हाती आले. सावरकरांनी मराठीत लिहिलेला तो ग्रंथ मराठी वाचकाला मिळाला, तो एका निष्ठावंताने स्वतःपाशी ठेवलेल्या कागदांमुळे.

आता क्षणभर विचार करावा. ते हस्तलिखित डॉ. कुटिन्हो यांच्या पेटीत नसून एखाद्या कंपनीच्या दूरस्थ संगणकावरील खात्यात असते, तर? लंडनहून एक आदेश निघाला असता आणि जगभरातील सर्व प्रती एकाच क्षणी पुसल्या गेल्या असत्या. बंदीचा हुकूम देणाऱ्या सरकारला तेव्हा प्रत्येक घराची झडती घ्यावी लागत होती. घरोघरी प्रती असणे हेच ग्रंथाचे कवच होते.

मात्र या उदाहरणाचा सोयीस्कर अर्थ काढण्याचेही कारण नाही. त्या प्रती लेखकाच्या इच्छेने आणि लेखकाच्याच ध्येयासाठी फिरत होत्या. लेखकाच्या श्रमाचे चीज व्हावे म्हणून धोका पत्करणे वेगळे आणि लेखकाचा मोबदला बुडवून फुकटात मनोरंजन करून घेणे वेगळे. हा भेद विसरला, की जतनाच्या गोंडस नावाखाली चोरीचे समर्थन सुरू होते.

कायदा काय सांगतो?

भारतीय कायदा याबाबतीत समजला जातो तेवढा प्रतिकूल नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला वाजवी वापर हा हक्कभंग ठरत नाही. संगणकीय आज्ञावलीबाबत तर कायदा अधिक स्पष्ट आहे. जिच्याकडे तिची कायदेशीर प्रत आहे, त्या व्यक्तीला प्रत नष्ट वा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. चित्रपट, गाणी आणि पुस्तके यांच्याबाबत मात्र असे स्पष्ट शब्द नाहीत. तेथे वाजवी वापराच्या तत्त्वावरच भिस्त ठेवावी लागते. २०१२च्या सुधारणेने कलम ६५अ घातले आणि कलाकृतीला लावलेले तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविला. त्यातही एक विवेक आहे. हक्कभंगाचा हेतू असेल तरच तो गुन्हा होतो. त्याच सुधारणेने सार्वजनिक ग्रंथालयांनाही स्वतःकडे असलेल्या ग्रंथांच्या संगणकीय प्रती जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली.

या कायद्याचा गाभा एका सौद्यात आहे. निर्मात्याला ठरावीक मुदतीपर्यंत एकाधिकार मिळतो आणि मुदत संपली की कृती समाजाची होते. लेखकाच्या बाबतीत ही मुदत त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे. पूर्वी ती ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आले, तेव्हा ती वाढविण्यात आली. त्यानुसार सावरकरांच्या ग्रंथांवरील प्रताधिकाराची मुदत ३१ डिसेंबर २०२६पर्यंतची, तर कोल्हापूर ही ज्यांची कर्मभूमी होती त्या वि. स. खांडेकरांच्या साहित्याची २०३६च्या अखेरपर्यंतची ठरते. चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर ६० वर्षे आहे. म्हणजे १९४९ सालचा ‘मीठ भाकर’ चित्रपट म्हणून २००९ अखेर समाजाचा झाला. त्यातील कथा व गीतांचे हक्क वेगळे असू शकतात, ही गोष्ट निराळी.

येथेच खरी मेख आहे. कायदा समाजाला वारस ठरवितो. पण वारशाचा ताबा मिळण्याच्या दिवशी वारसा शिल्लक असला पाहिजे. ‘सावकारी पाश’ कधीच सर्वांचा झाला. पण त्या हक्काचे आता काय करायचे? हक्क आहे, प्रत नाही. ज्या कृती आज केवळ कंपन्यांच्या कुलपांत आहेत, ज्यांची कुणालाही प्रत ठेवता येत नाही, त्यांची मुदत संपेल तेव्हा ती कंपनी असेल का, ते कुलूप उघडणारे यंत्र असेल का? ६० वर्षांचा काळ कंपन्यांच्या आयुष्याच्या मानाने फार मोठा आहे. राखीव प्रत ठेवणारा ग्राहक म्हणूनच चोर नाही. किंबहुना तो समाजाच्या वतीने ठेव सांभाळणारा विश्वस्त आहे.

अस्तेयाची कसोटी

याचा अर्थ पायरसी क्षम्य ठरते असा मुळीच नाही. योगशास्त्राने सांगितलेल्या यमांमध्ये अस्तेय आहे. वस्तू दृश्य असो वा अदृश्य, दुसऱ्याच्या श्रमाचे फळ मोल न देता उचलणे हे स्तेयच होय. २०१६ साली ‘सैराट’ प्रदर्शित झाल्यानंतर अल्पावधीतच त्याची सेन्सॉरसाठी काढलेली प्रत बाहेर फुटल्याची तक्रार पोलिसांकडे गेली होती. तो चित्रपट तरीही चालला. पण लहान निर्मात्याच्या चित्रपटाचे पहिले दोन आठवडे चोरीला गेले, तर तो दुसरा चित्रपट काढू शकत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती काही हजारांची, बहुधा त्याहूनही लहान. नवे पुस्तक बाजारात येताच त्याची पाने भ्रमणध्वनीवरून गटागटांत फिरू लागली, तर प्रकाशकाने पुढचे पुस्तक कशाच्या बळावर काढावे? ‘मातृभाषेच्या प्रचारासाठी पाठवीत आहे’ असे त्याखाली लिहिल्याने पाप धुतले जात नाही. २०२३च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्याने चित्रपटाच्या चोरट्या चित्रीकरणासाठी व प्रसारासाठी तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. तो दंड यथायोग्यच आहे.

आणखी एक युक्तिवाद आपल्याच वर्तुळात ऐकू येतो, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे. ‘परकीय कंपन्या आपल्याला लुटतातच, मग त्यांचे सॉफ्टवेअर फुकट वापरले तर काय बिघडले?’ बिघडते ते आपलेच. चोरट्या प्रतीची सवय लागलेला हात देशी आणि परदेशी असा भेद करीत नाही. मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर पुण्यासारख्या शहरांतील उद्योजकांनी कष्टाने घडविली. तीही मोल देऊन घेण्याचा कंटाळा करणारे थोडे नव्हते. शिवाय चोरटी प्रत वापरणारा स्वावलंबी होत नाही, तो त्याच परकीय यंत्रणेचा अधिक मिंधा होतो. स्वदेशीचे व्रत घेणाऱ्यासमोर सरळ मार्ग आहे. मोल द्यावे, नाहीतर लिनक्स आणि लिबर ऑफिससारख्या मुक्त प्रणाली वापराव्यात. त्यांची प्रत काढणे आणि वाटणे ही चोरी नसून तेथे तोच धर्म मानला जातो.

विक्रेत्यांनीही एक धडा विसरू नये. २००७च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला. चोरट्या तबकडीच्या जवळपास किमतीत चांगला माल मिळू लागताच लोक दुकानात गेले. कंपनी पुढे अन्य कारणांनी बुडाली, तरी तिने दाखवून दिले, की सामान्य ग्राहक स्वभावतः चोर नसतो. रास्त किमतीत, आपल्या भाषेत आणि कायमचे मिळत असेल, तर तो आनंदाने पैसे मोजतो. जी जुनी मराठी कृती हक्कदार कोठेच विकत नाही, तिचा चाहता आडवाटेला जातो, याला हक्कदाराची उदासीनताही कारण असते.

कर्तव्य घरापासून

प्रत करण्याला आपल्या परंपरेने नेहमीच पुण्य मानले. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आणि अक्षर, शाई, कागद यांपासून ग्रंथाच्या निगेपर्यंत सारे सांगितले. मठामठांतून नकला झाल्या म्हणून ते वाङ्मय टिकले. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांच्या वह्यांनी राखले, असे वारकरी परंपरा सांगते. हीच जबाबदारी आता प्रत्येक घरावर आली आहे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या घराघरांत शिरले. २०१९मध्ये सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून गेले. या नुकसानीत कुटुंबांची छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती आणि वडिलांच्या आवाजातील ध्वनिफिती किती गेल्या, याची मोजदाद कुणी केली नाही. ज्यांनी एक प्रत पूररेषेबाहेरच्या नातेवाइकांकडे ठेवली, त्यांचे वाचले. उपाय खर्चिक नाही. मोल देऊन घेतलेली गाणी, पुस्तके आणि घरातला खासगी ठेवा यांची एक प्रत घरात आणि एक घराबाहेर असावी. विजयादशमीला सरस्वतीपूजन करताना वह्या-पुस्तकांबरोबर या तबकड्या आणि डिस्कही उघडून पाहाव्यात, खराब होऊ लागलेल्यांची नवी प्रत काढावी. संस्थांनी आपल्या स्मरणिकांकडे विशेष लक्ष द्यावे. युनिकोडपूर्व काळातील टंकांमध्ये जुळविलेला कित्येक वर्षांचा मजकूर आज उघडला, तर केवळ अगम्य चिन्हे दिसतात. तो युनिकोडमध्ये आणून ठेवणारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम उरकले पाहिजे.

ग्रंथालयांना कायद्याने मुभा दिलीच आहे. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्था आणि शिवाजी विद्यापीठ यांच्या साहाय्याने, ज्यांची मुदत संपली आहे अशा कोल्हापूरच्या चित्रपटांची व ग्रंथांची सूची करून त्यांच्या प्रती कोणाच्या घरी आहेत याचा शोध घेता येईल. शासनाकडे दोन मागण्या कराव्यात. संगणकीय आज्ञावलीप्रमाणेच मोल देऊन घेतलेल्या पुस्तकाची, गाण्याची आणि चित्रपटाची राखीव प्रत काढण्याचा ग्राहकाचा अधिकार कायद्यात स्पष्ट लिहावा. आणि जे काढून घेता येते, त्याला ‘विक्री’ म्हणण्यास बंदी करावी. विक्री असेल तर प्रत द्यावी, भाडे असेल तर तसे सांगावे.

निर्मात्याला त्याचे मोल आणि ग्राहकाला त्याची प्रत, हा न्याय्य सौदा आहे. त्यातले पहिले बुडविणे ही चोरी आहे, तसेच दुसरे हिरावून घेणे हीही लबाडी आहे. या दोहोंविरुद्ध एकाच वेळी उभे राहणारा सज्जन ग्राहकच उद्याच्या पिढीला तिचा वारसा हाती देऊ शकेल.